१० मीटर एअर रायफलची साइट जुळवताना : आधी ग्रुप, मग नॉब

दहा मीटर हे अंतर नव्या नेमबाजाला फार जवळचे वाटते. प्रत्यक्षात एअर रायफलच्या लक्ष्यपटावर १० गुणांचे वर्तुळ म्हणजे केवळ ०.५ मि.मी. व्यासाचा पांढरा ठिपका असतो, ९ गुणांचे वर्तुळ ५.५ मि.मी. व्यासाचे असते आणि पुढचे प्रत्येक वर्तुळ ५ मि.मी.ने वाढत जाते. लांबून जो काळा गोल दिसतो, त्याचा व्यास ३०.५ मि.मी. असतो. छर्रा स्वतः ४.५ मि.मी. जाडीचा असल्यामुळे त्याचे केंद्र लक्ष्याच्या केंद्रापासून २.५ मि.मी.च्या आत पडले तरच १० गुण मिळतात, आणि दशांश गुणांकनात त्यापुढच्या प्रत्येक पाव मिलिमीटरला ०.१ गुण कमी-जास्त होतो. एवढ्या बारीक मापाच्या खेळात साइटची, म्हणजे नेम धरण्याच्या साधनाची, जुळवणी नीट समजून घेणे भागच आहे.

नागपुरात गेल्या काही वर्षांत शाळकरी मुलेमुली मोठ्या उत्साहाने रायफल हाती घेत आहेत. त्यांच्यात एक सवय सर्रास दिसते, ती म्हणजे छर्रा जरा डावीकडे गेला की हात थेट साइट आडवी-उभी सरकवणाऱ्या नॉबकडे जातो. चार गोळ्यांत नॉब चार वेळा फिरतो आणि अर्ध्या तासाने साइट नेमकी कुठे आहे हे कोणालाच सांगता येत नाही. माझे ठाम मत असे आहे की साइट फिरवणे हे जुळवणीतले सर्वांत शेवटचे आणि सर्वांत सोपे काम आहे. त्याआधी रायफल, डोळा आणि शरीर या तिन्ही गोष्टी प्रत्येक गोळीला सारख्या राहतात की नाही, हे पाहावे लागते. कामठीच्या छावणीशेजारी राहणाऱ्या किंवा एनसीसीत फायरिंग केलेल्या नागपूरकरांना 'ग्रुपिंग' आणि 'झिरोइंग' हे शब्द परिचयाचे असतात. तिथे हा क्रम कधीच उलटत नाही : पहिल्यांदा गोळ्या एका जागी जमल्या पाहिजेत, म्हणजे ग्रुप, मग ती जागा मध्यावर आणायची, म्हणजे झिरो. दहा मीटरच्या एअर रायफललाही हाच क्रम लागू आहे.

साइट काम कशी करते

स्पर्धेच्या एअर रायफलवर दुर्बीण चालत नाही. डोळ्याजवळ पीप साइट असते, म्हणजे बारीक छिद्र असलेली चकती, आणि नळीच्या टोकाशी फोर साइट असते, म्हणजे एका छोट्या बोगद्यात बसवलेली रिंग. नेमबाजाला एकात एक बसलेली वर्तुळे दिसली पाहिजेत : पीपच्या छिद्राची धूसर कड, तिच्या आत फोर साइटचा बोगदा, त्याच्या आत रिंग आणि रिंगच्या मधोमध लक्ष्याचा काळा गोल. नजर स्थिर ठेवायची ती रिंगवर. काळा गोल किंचित धूसर दिसला तरी चालतो. सुरुवातीला हे मनाला पटत नाही, कारण लक्ष्याकडेच पाहावेसे वाटते. पण डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो, आणि रिंग जरा सरकल्याची किंमत काळा गोल जरा धूसर दिसण्यापेक्षा कितीतरी जास्त असते.

ही किंमत मोजता येते. पीप आणि फोर साइट यांच्यातले अंतर समजा ७५ सें.मी. आहे. लक्ष्य १० मीटरवर, म्हणजे १,००० सें.मी.वर आहे. याचा अर्थ दोन्ही साइटच्या परस्पर जुळणीत झालेला फरक लक्ष्यावर सुमारे १३ पट होऊन उतरतो. डोळ्याला जेमतेम जाणवेल इतक्या ०.२ मि.मी. चुकीने छर्रा जवळजवळ २.७ मि.मी. सरकतो आणि दहाचा नऊ होतो. नॉब फिरवल्यावर पीप हलते तीही याच हिशेबाने : ती ०.०२ मि.मी. सरकली की लक्ष्यावर छर्रा पाव मिलिमीटरच्या थोडा वर सरकतो.

दिशेचा नियम असा की छर्रा जिकडे न्यायचा, तिकडे पीप न्यायची. छर्रे डावीकडे पडत असतील आणि त्यांना उजवीकडे आणायचे असेल, तर पीप उजवीकडे सरकली पाहिजे; खाली पडत असतील, तर पीप वर गेली पाहिजे. फोर साइट हलवली तर मात्र परिणाम नेमका उलटा होतो. काही रायफलींवर फोर साइटची उंची बदलण्यासाठी ब्लॉक बसवतात, तिथे हे लक्षात ठेवावे.

रायफल तपासणे

कामाला लागण्यापूर्वी रायफल रिकामी आहे याची स्वतः डोळ्यांनी खात्री करावी, नळीत सेफ्टी फ्लॅग, म्हणजे नळी रिकामी असल्याची खूण दाखवणारी रंगीत दोरी, घालावा आणि नळीचे तोंड सतत लक्ष्याच्या दिशेने ठेवावे. साइटला हात लावायचा तो छर्रा भरायचा बोल्ट उघडा ठेवूनच. हा नियम घाईत सर्वांत आधी मोडला जातो, म्हणून तो इथे सांगत आहे.

पुढे स्क्रू पाहावेत. पीप साइट रायफलवरच्या खाचेच्या पट्टीवर दोन-एक स्क्रूंनी आवळलेली असते. हे स्क्रू सैल असतील तर प्रत्येक गोळीगणिक साइट केसाएवढी सरकत राहते आणि बिचारा नेमबाज स्वतःला दोष देत बसतो. नळी आणि दस्ता जोडणारे स्क्रूही तितकेच महत्त्वाचे आहेत. निर्मात्याने किती जोराने आवळायचे ते सांगितले असेल, तर तेवढ्याच जोराने आवळावेत आणि दरवेळी सारखेच. दस्त्याची लांबी, गालाचा आधार आणि खांद्याकडची बट प्लेट यांच्या खुणा पेन्सिलीने किंवा पट्टीच्या आकड्याने नोंदवून ठेवाव्यात. गालाचा आधार एक-दोन मिलिमीटर खाली-वर झाला तरी डोळ्याची जागा बदलते, आणि डोळ्याची जागा बदलली की झिरो बदलतो. क्लबची रायफल चार मुले आळीपाळीने वापरत असतील, तर ही नोंद प्रत्येकाने आपापल्या वहीत ठेवलीच पाहिजे.

रायफल नवीन असेल किंवा आधी कोणी काय फिरवले याचा पत्ता नसेल, तर दोन्ही नॉब एका टोकापर्यंत हलक्या हाताने फिरवून एकूण किती क्लिक, म्हणजे 'टक्' आवाजाच्या पायऱ्या, आहेत ते मोजावे आणि निम्म्यावर आणून थांबावे. यामुळे साइट यांत्रिक मध्यावर येते आणि दोन्ही बाजूंना सारखी जागा उरते. टोकाला जोर मात्र लावू नये. तिथला आटा नाजूक असतो.

रिंग आणि छिद्र यांचे माप

साइट जुळवण्याच्या चर्चेत हा भाग बहुतेक जण घाईने उरकतात, पण माझ्या अनुभवात सुरुवातीच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. डोळ्यापासून फोर साइट साधारण ९० सें.मी.वर असेल, तर ३०.५ मि.मी.चा काळा गोल त्या ठिकाणी सुमारे २.७ मि.मी. एवढा भासतो. रिंगचे आतले माप ३ मि.मी. घेतले, तर काळ्या गोलाभोवती पांढरी कड इतकी बारीक उरते की रायफलच्या प्रत्येक हालचालीबरोबर ती एका बाजूने नाहीशी होते. मग नेमबाज ती कड परत मिळवण्यासाठी थांबतो, श्वास रोखून धरतो आणि शेवटी ट्रिगर ओढूनच टाकतो. ४ मि.मी.च्या आसपासची रिंग घेतली तर चारही बाजूंना सुमारे ०.६ मि.मी. पांढरे दिसते, आणि वर्तुळ वर्तुळात मधोमध आहे की नाही हे डोळा आपोआप ओळखतो. नवशिक्याचे शरीर जास्त हलते, म्हणून त्याने आणखी मोठी रिंग वापरायला हरकत नाही. बारीक रिंग म्हणजे जास्त अचूकता, हा समज सोडून द्यावा.

पीपच्या छिद्राचे माप बहुधा १.० ते १.२ मि.मी.च्या दरम्यान योग्य वाटते. आयरिस, म्हणजे छिद्र लहान-मोठे करणारी कडी, फिरवून ते कमी-जास्त करता येते. छिद्र फार लहान केले तर चित्र स्पष्ट होते पण अंधारते आणि डोळा लवकर थकतो. फार मोठे केले तर चित्र उजळते पण डोळा मध्यावरून सरकल्याचे कळत नाही. डोळा आणि पीप यांच्यात ५ ते १० सें.मी. अंतर असावे. हे अंतर एकदा ठरल्यावर, पीप पट्टीवर नेमकी कुठे बसली आहे याची खूण करून ठेवावी. चष्मा लावणाऱ्यांनी भिंगाच्या मध्यातूनच पाहता येईल अशी मान ठेवावी. भिंगाच्या कडेतून पाहिले की वर्तुळे तिरपी दिसतात आणि त्या तिरपेपणाची दुरुस्ती कोणत्याही नॉबने होत नाही. दुसरा डोळा मिटून घेण्याऐवजी त्याच्यापुढे ३० मि.मी.पेक्षा रुंद नसलेली पांढुरकी पट्टी लावावी, म्हणजे चेहऱ्याचे स्नायू ताणले जात नाहीत.

शरीराची दिशा

उभे राहून रायफल खांद्याला लावल्यावर स्नायूंनी न ओढता ती जिथे आपसूक थांबते, ती तिची नैसर्गिक दिशा. ती तपासण्याची रीत सोपी आहे. नेम धरावा, डोळे मिटावेत, एक-दोन श्वास सोडून शरीर सैल करावे आणि डोळे उघडावेत. काळा गोल रिंगच्या मध्यावर असेल तर ठीक. तो डाव्या-उजव्या बाजूला सरकलेला असेल, तर पावले किंचित वळवून सगळे शरीरच फिरवावे. खाली-वर सरकलेला असेल, तर पुढच्या हाताची उंची किंवा बट प्लेट बदलावी.

हे न करता नेमबाज दंडाच्या जोराने रायफल मध्यावर ओढत राहिला, तर ट्रिगर सुटण्याच्या क्षणी ती आपल्या नैसर्गिक दिशेकडे परत जाऊ पाहते. छर्रा नळीतून बाहेर पडेपर्यंतचा काळ अत्यल्प असला तरी तेवढ्यात ही हालचाल लक्ष्यावर उमटते. अशा वेळी छर्रे एका बाजूला पडतात आणि ग्रुपही बऱ्यापैकी जमतो, त्यामुळे साइट चुकली आहे असा पक्का भास होतो. नॉब फिरवून हा दोष त्या दिवसापुरता झाकला जातो. तासाभराने शरीर थकले की दिशा बदलते आणि झिरो हरवला म्हणून पुन्हा नॉब फिरतो. म्हणून ग्रुप मारण्यापूर्वी ही तपासणी करावी, आणि प्रत्येक पाच-दहा गोळ्यांनंतर ती पुन्हा करावी.

ग्रुप मारणे आणि त्याचा मध्य काढणे

आता लक्ष्यावर पाच गोळ्या माराव्यात. मध्ये नॉबला हात लावू नये. एखादी गोळी सुटतानाच चुकल्याची जाणीव झाली, तर ती वगळून तिच्या जागी दुसरी मारावी. पण वगळण्याचा निर्णय लक्ष्यपट पाहण्यापूर्वी घ्यावा. छर्रा कुठे पडला ते पाहून मग 'ती माझीच चूक होती' असे म्हणणे म्हणजे हिशेबाला फाटे फोडणे होय.

पाच छर्रे पडल्यावर ग्रुपची रुंदी पाहावी. छर्रे लक्ष्यभर विखुरले असतील, तर साइट जुळवण्याची ही वेळ नाही. रायफल पिशवीवर किंवा स्टँडवर टेकवून तोच ग्रुप मारून पाहावा. टेकवून ग्रुप जमत असेल, तर रायफल, साइट आणि छर्रा यांच्यात दोष नाही. काम उभे राहण्यावर आणि ट्रिगरवर करायचे आहे. टेकवूनही विखुरत असेल, तर स्क्रू, नळीची सफाई आणि छर्रे तपासावेत. एक मात्र ध्यानात असावे की टेकवून काढलेला झिरो आणि उभ्याने काढलेला झिरो यांच्यात बहुधा थोडा फरक पडतो, कारण मान, गाल आणि खांद्याचा दाब बदलतो. अंतिम जुळवणी नेहमी स्पर्धेच्या अवस्थेतच, जॅकेट घालून करावी.

मध्य काढण्यासाठी प्रत्येक छऱ्याचे लक्ष्यकेंद्रापासूनचे आडवे आणि उभे अंतर मोजावे. उदाहरणार्थ, पाच छर्रे केंद्राच्या उजवीकडे ४, ६, ३, ७ आणि ५ मि.मी. पडले आहेत; बेरीज २५, म्हणून सरासरी ५ मि.मी. उजवीकडे. तेच छर्रे केंद्राच्या खाली ३, १, ४, २ आणि २.५ मि.मी. आहेत, बेरीज १२.५, म्हणून सरासरी २.५ मि.मी. खाली. म्हणजे ग्रुपचा मध्य ५ मि.मी. डावीकडे आणि २.५ मि.मी. वर न्यायचा आहे. एनसीसीत या मध्यालाच एमपीआय (मीन पॉइंट ऑफ इम्पॅक्ट) म्हणतात. सर्वांत लांबच्या छऱ्याकडे पाहून किंवा शेवटच्या छऱ्याकडे पाहून साइट फिरवू नये. इलेक्ट्रॉनिक लक्ष्य असेल, तर पडद्यावर हे सगळे आपोआप दिसते, तरीही सुरुवातीला कागदावर स्वतः मोजण्याचा सराव करावा असे मी आग्रहाने सांगेन. त्यातूनच आपला ग्रुप आडवा पसरतो की उभा, हे मनात ठसते.

स्वतःच्या साइटचा क्लिक मोजणे

एका क्लिकने छर्रा किती सरकतो हे माहितीपत्रकात दिलेले असते, पण ते साइटमधल्या एका ठरावीक अंतरासाठी असते. नळीच्या टोकाला नळकांडे जोडून फोर साइट पुढे नेली असेल, तर दोन साइटमधले अंतर वाढते आणि प्रत्येक क्लिकचा परिणाम कमी होतो. त्यामुळे प्रत्यक्ष मोजणेच बरे. रायफल टेकवून पाच गोळ्यांचा ग्रुप मारावा, मग आडवा नॉब एकाच दिशेने २० क्लिक फिरवावा आणि त्याच बिंदूवर नेम धरून दुसरा ग्रुप मारावा. दोन्ही ग्रुपच्या मध्यांतले अंतर समजा ५ मि.मी. आले, तर एक क्लिक म्हणजे ०.२५ मि.मी. हेच उभ्या नॉबसाठीही करावे. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. वरच्या उदाहरणातल्या नेमबाजाला मग डावीकडे २० आणि वर १० क्लिक, असे थेट सांगता येते.

एवढी मोठी दुरुस्ती एका दमात करावी. थोडे फिरवू, पाहू, पुन्हा थोडे फिरवू, या पद्धतीत छर्रेही वाया जातात आणि मनही डळमळते. दुरुस्तीनंतर पुन्हा पाच गोळ्यांचा ग्रुप, पुन्हा मध्य, आणि आता उरलेली दोन-चार क्लिकांची बारीक दुरुस्ती. ग्रुपचा मध्य केंद्रापासून एका क्लिकच्या आत आला की थांबावे.

जुन्या किंवा फार वापरलेल्या साइटमध्ये आट्याला ढिलेपणा असतो. दिशा बदलल्यावर पहिले एक-दोन क्लिक आवाज करतात पण पीप हलत नाही. यावर उपाय म्हणजे शेवटचे फिरवणे नेहमी एकाच दिशेने करायचे. उलट दिशेने ६ क्लिक जायचे असेल, तर १० क्लिक जाऊन ४ क्लिक परत यावे.

नॉबवरची अक्षरे

इथे मोठा गोंधळ होतो. जर्मन बनावटीच्या अनेक साइटवर एच, टी, आर आणि एल ही अक्षरे बाणासह कोरलेली असतात. त्यांचा अर्थ असा की छर्रा वर गेला असेल तर एचच्या दिशेने, खाली गेला असेल तर टीच्या दिशेने, उजवीकडे गेला असेल तर आरच्या दिशेने आणि डावीकडे गेला असेल तर एलच्या दिशेने फिरवा. म्हणजे अक्षर चुकीची जागा सांगते. इतर अनेक साइटवर मात्र यू किंवा आर या अक्षराचा अर्थ 'या दिशेने फिरवल्यास छर्रा वर किंवा उजवीकडे जाईल' असा असतो, म्हणजे तिथे अक्षर इच्छित जागा सांगते. दोन्ही प्रकारच्या रायफली एकाच क्लबात असल्या की मुले उलटे फिरवून चूक दुप्पट करतात. अक्षरावर विसंबण्यापेक्षा क्लिक मोजतानाच दिशाही पडताळावी, आणि नॉबशेजारी छोटी चिकटपट्टी लावून त्यावर 'छर्रा डावीकडे' असा बाण काढून ठेवावा.

कलंडलेली रायफल

साइट अगदी अचूक जुळलेली असूनही छर्रे एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे जात असतील, तर रायफल बाजूला कलंडते का ते पाहावे. याचे कारण समजण्यासारखे आहे. साधारण १७० मीटर प्रतिसेकंद वेगाने निघालेला छर्रा दहा मीटर जाईपर्यंत सुमारे १७ मि.मी. खाली येतो. ही घट भरून काढण्यासाठी नळी लक्ष्याच्या थोड्या वरच्या बिंदूकडे रोखलेली असते. रायफल उजवीकडे ५ अंश कलंडली की तो वरचा बिंदूही उजवीकडे सरकतो, गुरुत्वाकर्षण मात्र सरळ खालीच ओढत राहते, आणि छर्रा सुमारे दीड मिलिमीटर उजवीकडे पडतो. दशांश गुणांत ही ०.६ची चूक झाली.

बरेच चांगले नेमबाज मानेला ताण पडू नये म्हणून रायफल मुद्दाम थोडी आत कलवतात. त्यात काही गैर नाही. अट एवढीच की ती प्रत्येक गोळीला तेवढीच कललेली हवी. फोर साइटच्या बोगद्यात बारीक बुडबुड्याची पातळी बसवली तर हे राखणे सोपे जाते. मात्र कललेल्या रायफलीवर उभा नॉब फिरवला की छर्रा अगदी सरळ वर न जाता किंचित तिरका जातो. मोठ्या दुरुस्तीत हा तिरकेपणा दिसून येतो आणि दुसऱ्या नॉबने तो भरून काढावा लागतो.

हवेचा दाब आणि छर्रे

सत्राच्या शेवटी छर्रे हळूहळू खाली उतरू लागले, तर नॉबला हात लावण्याआधी रायफलच्या हवेच्या सिलिंडरचा दाब पाहावा. छऱ्याचा वेग १७० वरून १६५ मीटर प्रतिसेकंद झाला, तरी तो लक्ष्यावर सुमारे १ मि.मी. खाली पडतो. म्हणजे पाव मिलिमीटरच्या क्लिकने चार क्लिक. दाब पुन्हा भरल्यावर वेग पूर्ववत होतो आणि मधल्या काळात फिरवलेली साइट आता वर मारू लागते. सिलिंडर निर्मात्याने ठरवलेल्या मर्यादेपर्यंतच भरावा आणि त्यावरची मुदत संपलेली नाही ना हे दरवर्षी पाहावे.

छऱ्यांचे डबे वरून सारखे दिसले, तरी छऱ्याच्या डोक्याचे माप ४.४९, ४.५० किंवा ४.५१ मि.मी. असे वेगळे असते आणि प्रत्येक नळीला त्यातले एखादेच मानवते. टेकवून दोन-तीन मापांचे ग्रुप मारून जे जमते ते निवडावे आणि झिरो त्याच डब्यावर काढावा. छर्रे बदलले की झिरो पुन्हा तपासावा.

नागपूरचा उजेड आणि ऊन

पन्नास मीटरवर वारा हा मोठा प्रश्न असतो. २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने ज्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यात वारा ओळखून साइट सतत फिरवावी लागते. दहा मीटरची स्पर्धा बंदिस्त जागेत होते, त्यामुळे वाऱ्याची चिंता नसते, आणि म्हणूनच एकदा काढलेला झिरो वारंवार बदलण्याचे कारणही नसते.

आपल्याकडे प्रश्न असतो तो उजेडाचा. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार बंदिस्त रेंजमध्ये लक्ष्यावर किमान १,५०० लक्स उजेड हवा. सरावाच्या ठिकाणी, गच्चीवर किंवा अर्ध्या उघड्या पत्र्याच्या शेडमध्ये, तसे नसते. सकाळी एका बाजूने येणारे ऊन दुपारी माथ्यावर येते, आणि एका बाजूने उजळलेल्या रिंगमध्ये काळ्या गोलाचा मध्य डोळ्याला सरकलेला भासतो. सकाळी आठला काढलेला झिरो दुपारी बिघडल्यासारखा वाटतो, त्यामागे पुष्कळदा एवढेच असते. खिडक्यांना पडदे लावून लक्ष्यावर समोरून स्थिर दिवा ठेवणे हा यावरचा स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे.

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो. त्या दिवसांत रायफलची पेटी उभ्या गाडीत ठेवणे टाळावे; भरलेला सिलिंडर तापणे धोक्याचे आहे आणि तापलेल्या धातूवर काढलेला झिरो खोलीत बसल्यावर टिकेलच असे नाही. रायफल पेटीतून काढून अर्धा तास रेंजच्या तापमानात राहू द्यावी. जाड जॅकेटमध्ये घाम आला की गाल आधारावर घसरतो, तेव्हा रुमाल जवळ ठेवावा आणि दहा-पंधरा गोळ्यांनंतर जॅकेटची बटणे सोडून विश्रांती घ्यावी. पावसाळ्यात पट्टीच्या खाचेत गंज धरतो. सरावानंतर तिथे तेलाचा अगदी पुसट हात फिरवावा, मात्र तेल नळीत किंवा पीपच्या छिद्रात जाता कामा नये.

ओपन साइटची रायफल

ज्यांच्याकडे साधी स्प्रिंगची, ओपन साइटची रायफल आहे, त्यांनाही वरचा क्रम तसाच लागू पडतो. फोर साइटचे टोक मागच्या खाचेच्या वरच्या कडेशी समपातळीत आणि दोन्ही बाजूंना सारखा उजेड ठेवून मध्यावर धरावे. नेम काळ्या गोलाच्या मध्यावर न धरता त्याच्या खालच्या कडेला धरणे सोपे जाते, कारण काळ्यावर काळे टोक दिसत नाही. अशा नेमावर छर्रे मध्यावर पडतील इतकी मागची खाच वर घ्यावी. दर वेळी गोलाखाली सारखीच पांढरी फट ठेवावी लागते, हे विसरू नये. स्प्रिंगची रायफल सुटताना दोन्ही दिशांना झटका देते, म्हणून ती टेकवायची असेल तर कठीण वस्तूवर न टेकवता हात मध्ये ठेवून टेकवावी.

स्पर्धेच्या दिवशी

स्पर्धेत गुणांच्या ६० गोळ्यांपूर्वी १५ मिनिटे सरावाच्या गोळ्यांसाठी असतात आणि त्यांची संख्या मर्यादित नसते. पुढे इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर ६० गोळ्यांसाठी ७५ मिनिटे मिळतात आणि सरावाची गोळी पुन्हा मारता येत नाही. तेव्हा त्या १५ मिनिटांचा क्रम घरूनच ठरवून यावा : आधी शरीराची दिशा, मग तीन-चार गोळ्या नॉबला हात न लावता, त्यानंतर गरज असल्यास एकच मोजून केलेली दुरुस्ती आणि तिची खातरजमा.

२००८च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये अंतिम फेरीपूर्वीच्या सरावगोळ्यांत अभिनव बिंद्राचा छर्रा केंद्रापासून फार दूर गेला, तेव्हा आपली साइट हलली आहे हे त्याने ओळखले. मिळालेल्या थोड्या वेळात त्याने ती जुळवून घेतली आणि अंतिम फेरीत १०४.५ गुण मिळवून एकूण ७००.५ गुणांसह सुवर्णपदक जिंकले. हे शक्य झाले, कारण आपली गोळी बरोबर सुटली होती याची त्याला खात्री होती आणि एका क्लिकचा परिणाम त्याला माहीत होता. ज्याला स्वतःचा ग्रुप माहीत नाही, त्याला अशा वेळी साइट हलली की हात हलला हे ठरवता येत नाही.

गुणांच्या गोळ्या सुरू झाल्यावर एखादा ९.२ आला म्हणून नॉब फिरवू नये. सलग चार-पाच चांगल्या सुटलेल्या गोळ्या एकाच बाजूला पडल्या, शरीराची दिशा तपासूनही त्या तिथेच पडत राहिल्या, तरच दोन क्लिक फिरवावेत आणि कोणत्या गोळीनंतर किती फिरवले ते लिहावे.

पुण्याला बालेवाडीत किंवा इतरत्र स्पर्धेला जाताना रायफल रात्रभर रेल्वेत हादरे खात जाते. निघण्यापूर्वी दोन्ही नॉबची स्थिती, म्हणजे एका टोकापासून किती क्लिक, हे वहीत लिहून घ्यावे आणि पोहोचल्यावर पेटी उघडताच आधी स्क्रू, मग ही स्थिती पडताळावी. आकडे जुळत असतील आणि तरीही पहिल्या तीन गोळ्या वेगळ्या ठिकाणी पडल्या, तर आणखी दोन माराव्यात, पाचांचा मध्य काढावा आणि मगच नॉबला हात लावावा.